घर वाढविताना

फरीदाबादेच्या रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस जी जुनी औद्योगिक वसाहत आहे, तिला सारे गाव 'एन. आय. टी.' या नावाने ओळखते. एक नंबर, दोन नंबर असे करीत पाच नंबरपर्यंत तिचे मोहल्ले मोजले जातात. या वसाहतीतील घरांचा जन्म मोठा विलक्षण आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान अशा गावांहून आलेली हजारो कुटुंबे तंबूंत दिवस कंठीत होती. त्यांच्यासाठी 1949 मध्ये फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले आणि डॉ. राजेंद्रप्रसाद त्याचे अध्यक्ष झाले. घरे ठेकेदारांकडून बांधून घ्यावी, असा सरकारी बांधकाम खात्याचा रिवाज. परंतु ज्यांना राहावयाचे आहे त्यांनीच ती का बांधू नयेत, असा प्रश्न पुढे आला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या भारतीय सहकारी संघाच्या कार्यकर्त्यांनी निर्वासितांच्या श्रमिक सहकारी संस्था उभ्या केल्या. ज्यांनी पूर्वी कधी थापी हाती धरली नव्हती, ती माणसे विटा रचावयास शिकली आणि मजुरीचे पैसेही त्यांच्याच घरात राहिले. या साऱ्या प्रयोगाची हकीकत त्यातील एक कार्यकर्ते लक्ष्मीचंद जैन यांनी 1998 मध्ये एका इंग्रजी पुस्तकात लिहून ठेविली आहे.

त्या घरांची आठवण काढण्याचे कारण असे की, आज त्यांची नातवंडे तेथे नांदत आहेत आणि घर अपुरे पडू लागले आहे. मुलाचे लग्न ठरते, वृद्ध आईला खालच्या मजल्यावर खोली हवी असते, एखादा मजला भाड्याने दिला तर संसाराला हातभार लागेल असा हिशेब मांडला जातो. पूर्वेकडील सेक्टरांत कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने आलेली जी मराठी कुटुंबे स्थिरावली, त्यांच्याही घरी हाच विषय निघतो. मग विटा येऊन पडतात, ठेकेदार हिंदीत काही सांगतो, आपण मान डोलावतो, आणि आयुष्याची पुंजी एका अनोळखी माणसाच्या हाती जाते. घर पाहावे बांधून, ही म्हण आपल्याकडे लग्नाच्या जोडीने सांगतात ती उगाच नव्हे. मात्र लग्नात चार दिवस निभावून नेले की सुटका होते. घरातली चूक पन्नास वर्षे डोक्यावर उभी राहते.

तेव्हा पहिली गोष्ट, येथील भाषा शिकून घ्यावी. आपला गवंडी येथे मिस्त्री किंवा राजमिस्त्री, बिगारी तो बेलदार, खडी ती रोडी, सळई तो सरिया, स्लॅब तो लेंटर, आणि बांधकामावर पाणी मारणे ती तराई. प्लॅस्टरची बारीक वाळू 'जमना रेती' म्हणून मिळे. जाड लालसर वाळूला 'बदरपूर' म्हणतात. दिल्लीच्या वेशीवरील त्याच नावाच्या गावावरून हे नाव पडले. अरवलीतील खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यापासून वाळू दूरवरून येते, नाव तेवढे राहिले. म्हणून नावावर विसंबू नये. मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळावी आणि काही तास तशीच ठेवावी. तळाशी वाळू बसते आणि तिच्यावर गाळाचा थर दिसतो. तो थर जाड असेल तर गाडी परत पाठवावी. परत पाठविण्याचा संकोच पहिल्याच गाडीला सोडला की पुढच्या गाड्या आपोआप बऱ्या येतात, असा सर्वांचा अनुभव आहे.

आता कागदपत्रांविषयी. हा भाग कंटाळवाणा खरा, पण याच शहराने त्याची किंमत डोळ्यांदेखत पाहिली आहे. अरवलीच्या कुशीतील खोरी गावात लोकांनी पैसे मोजून भूखंड घेतले, घरे बांधली, विजेची सोय केली, मुले शाळेत घातली. ती जमीन वनक्षेत्राची होती. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण हटविण्याचा आदेश दिला आणि सुमारे दहा हजार घरांच्या त्या वस्तीवर भर पावसाळ्यात यंत्रे फिरली. विटा चांगल्या होत्या की वाईट, हे तेथे कोणी विचारले नाही. यास्तव जमीन कोणाच्या नावावर आहे, ती निवासी आहे काय, मूळ वाटपपत्र कोणी दिले, हे आधी पाहावे. एन. आय. टी. मध्ये पुनर्वसनाच्या काळचे जुने कागद असतात आणि 233 गजांचा, म्हणजे सुमारे 195 चौरस मीटरचा भूखंड भावाभावांत तोंडी वाटला गेलेला असतो. अशा ठिकाणी वरचा मजला चढविण्याआधी वाटणी लेखी व नोंदणीकृत करून घ्यावी. अन्यथा ज्या भावाच्या खोलीवर आपण स्लॅब टाकतो, तोच उद्या स्थगितीचा हुकूम आणतो.

नकाशा मंजूर करून घेणे हे त्यानंतरचे काम. भूखंड सेक्टरातील असेल तर हरियाणा शहरी विकास प्राधिकरण आणि जुन्या वस्तीत असेल तर महानगरपालिका, हे साधारण धोरण. राज्याची बांधकाम संहिता 2017 ची आहे, पण तिच्यात वरचेवर बदल होतात. खांबांवर वाहनतळ आणि त्यावर चार मजले, या पद्धतीच्या इमारतींची परवानगी फेब्रुवारी 2023 मध्ये थांबविण्यात आली आणि जुलै 2024 मध्ये शेजाऱ्याची संमती किंवा मधे अंतर सोडणे, अशा अटींवर पुन्हा देण्यात आली. 'शेजारच्यांनी बांधले म्हणजे आपणही बांधू' हा युक्तिवाद यामुळेच धोक्याचा. त्यांनी कोणत्या वर्षी बांधले, हे आपण विचारलेले नसते.

परंतु सर्वांत अधिक विचार ज्या गोष्टीचा करावयास हवा, तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ती म्हणजे जुन्या घराची ताकद. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे घर नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभे असते. भार भिंतीच वाहतात, खांब नसतात. त्यावर एक मजला कदाचित चढेल, दोन चढतीलच असे नाही. आणि हे वरून पाहून कोणालाही सांगता येत नाही, वीस वर्षे अनुभव असलेल्या मिस्त्रीलाही नाही. भिंतीलगत एक-दोन ठिकाणी खड्डा खणून पाया किती खोल व किती रुंद आहे ते उघडे करून पाहावे लागते. विटा मीठ फुटून भुसभुशीत झाल्या आहेत काय, म्हणजे आपण ज्याला लोणा लागणे म्हणतो तसे झाले आहे काय, हे तपासावे लागते. हे काम संरचना अभियंत्याचे. वास्तुशिल्पी नकाशा काढतो, तो वेगळा. अभियंत्याची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते. तरी लोक तीच वाचवितात आणि दारावरच्या नक्षीला तिच्या दुप्पट पैसे घालतात!

फरीदाबाद हे 2016 च्या भारतीय मानकाच्या नकाशात चौथ्या भूकंपक्षेत्रात दाखविले आहे. ही कागदी भीती नव्हे. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या धौला कुआँ परिसरात केंद्र असलेला 4.0 तीव्रतेचा धक्का पहाटे साऱ्या राजधानी क्षेत्राला जागा करून गेला. आपणा मराठी वाचकांना तर किल्लारी सांगावयास नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंतींनीच माणसे मारली. त्यानंतर लातूर-धाराशिव भागात जे पुनर्वसन झाले, त्याचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथील दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व बळकटी मालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली करावयाची होती. सरकारने साहाय्य टप्प्याटप्प्याने दिले, अभियंते दिले, आणि गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून घरोघर फिरल्या. कोपऱ्यात सळई का घालावयाची, भिंतीवर सलग पट्टा का हवा, हे त्यांनी आधी स्वतः समजून घेतले आणि मग शेजारणींना समजाविले. ज्या बाईला पट्ट्याचा अर्थ कळला, तिच्या घरचा पट्टा गवंड्याला चुकविता येत नसे.

तोच पट्टा आपल्यालाही हवा. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली असे कॉंक्रीटचे सलग पट्टे साऱ्या भिंतींना कवेत घेतात, आणि त्यामुळे धक्का बसला असता भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. जुन्या घराला नवी खोली जोडताना नव्या विटा जुन्या भिंतीत दात पाडून गुंतवू नयेत. जुना पाया बसून गेलेला असतो, नवा अजून बसावयाचा असतो, आणि सांध्यावर भेग ही ठरलेलीच. दोन्हींमध्ये अभियंता सांगेल तेवढी फट ठेवून ती वरून झाकणे बरे. तळमजल्याच्या भिंती पाडून दुकान काढण्याची जी हौस या वसाहतीत दिसते, तिच्याविषयी तर एकच सांगावेसे वाटते. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती कोसळल्या, त्यांतील अनेक खाली नुसते खांब आणि वर भरगच्च मजले अशाच होत्या.

ठेकेदाराशी करार कसा करावा? येथे दोन पद्धती आहेत. एक, साहित्य आपले व मजुरी त्याची. दुसरी, साहित्यासह चौरस फुटाला दर. पहिलीत कष्ट अधिक पण विटेवर आपली नजर राहते. दुसरीत निश्चिंती अधिक, परंतु ती निश्चिंती ठेकेदाराच्या प्रामाणिकपणाइतकीच टिकाऊ असते. कोणतीही घ्यावी, पण मोजणी कशाची हे लिहून घ्यावे. छज्जा धरावयाचा की नाही, जिना एकदा मोजावयाचा की प्रत्येक मजल्याला, पाण्याच्या टाकीखालचा चौथरा कोणाच्या खर्चाने, कचरा कोण उचलणार, शटरिंग कोणाचे. भांडणे होतात ती दरावरून क्वचित, या बारीकसारीक बाबींवरूनच अधिक. पैसे काम पुढे गेल्यावर द्यावे, तारखेला नव्हे: पाया झाला इतके, जोते झाले इतके, स्लॅब पडून साचा निघाला इतके. शेवटचा काही भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. आणि एकूण अंदाजावर दहा ते पंधरा टक्के रक्कम वेगळी बाजूला ठेवावी, तिचा उल्लेख ठेकेदारासमोर कधीही करू नये.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. मुलाचे लग्न वसंतपंचमीनंतर ठरलेले, म्हणून डिसेंबरात वरच्या खोलीचा स्लॅब टाकला. ठेकेदाराला शटरिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर न्यावयाच्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी घरधनी कारखान्यात असताना त्याने टेकू काढले. संध्याकाळी स्लॅब मधोमध बोटभर खाली आलेला दिसला. घरातील आजी खालच्या खोलीत निजत असत. त्यांना त्या रात्री शेजारी हलविले, टेकू पुन्हा लावले, आणि महिन्याने तो स्लॅब फोडावा लागला. लग्न झाले, पण वरात आली ती विटांच्या ढिगाऱ्याला वळसा घालून.

येथे ठेकेदाराचा दोष उघड आहे, तथापि घरच्यांना नियम ठाऊक असता तर त्याची छाती झाली नसती. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14 दिवस, आणि तुळईचे सहा मीटरपर्यंत 14 व पुढे 21 दिवस काढू नयेत. हे आकडेही साध्या सिमेंटचे आणि हवा 15 अंशांच्या वर असतानाचे. फरीदाबादेत डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली जातो, शिवाय हल्ली बहुतेक सिमेंट राखमिश्रित येते, ते सावकाश घट्ट होते. तेव्हा हिवाळ्यात मुदत वाढवावी. किती, ते अभियंत्याकडून लिहून घ्यावे आणि तो कागद भिंतीवर चिकटवावा.

स्लॅबच्या दिवशी घरातील एक माणूस रजा काढून हजर हवाच. साहित्याचा हिशेब आदल्या दिवशीच करून ठेवावा. 12 फूट रुंद व 15 फूट लांब खोलीचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे 2.1 घनमीटर कॉंक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणाला घनमीटरमागे साधारण आठ पोती लागतात, म्हणजे सतरा पोती. बारा पोत्यांत काम उरकले तर आनंद मानू नये. सिमेंट तीन महिन्यांहून जुने नसावे. पाणी हा खरा शत्रू. एका पोत्याला तीस लिटरच्या आत पाणी पुरते, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. परंतु पातळ माल ओतावयास सोपा, म्हणून मजूर डोळा चुकवून बादली उपडी करतो. जितके पाणी जास्त, तितके आत पोकळ छिद्रांचे जाळे जास्त आणि ताकद कमी. सळया साच्याच्या फळीला टेकलेल्या नसाव्यात. खाली ठोकळे ठेवून स्लॅबात 20 व खांबात 40 मिलिमीटरचे आवरण राखावे, नाहीतर दहा वर्षांत गंजून सिमेंट फुगते व छताचे पोपडे पडतात. खांबाभोवतीच्या कड्यांची टोके आत वळविलेली आहेत ना, तेही वाकून पाहावे. काटकोनात नुसती दुमडलेली कडी भूकंपात उघडते. हे पाहावयास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, सकाळची दहा मिनिटे लागतात.

विटेची परीक्षा आपल्या आजोबांनाही माहीत होती: दोन विटा एकमेकींवर वाजवाव्या, खणखणीत नाद यावा. तिला आता तराजूची जोड द्यावी. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात बुडवावी व पुन्हा तोलावी. वजन पाचव्या हिश्शाहून अधिक वाढले तर ती वीट नाकारावी. भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा सांगतो. कोपरा काटकोनात आहे की नाही हे साधी टेप सांगते: एका बाजूस तीन फूट, दुसरीस चार फूट, आणि कर्ण बरोबर पाच फूट. पाया आखला जात असतानाच हे मोजावे, फरशी बसविताना नव्हे. तोवर उशीर झालेला असतो आणि फरशीवाला तिरकस तुकडे कापीत बसतो.

तराईचे काम मात्र घरच्यांनी स्वतःकडे घ्यावे. निदान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा लू वाहत असताना दहा दिवस कॉंक्रीट ओलसरच राहिले पाहिजे. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून भागत नाही, मे महिन्यात दोन तासांत सारे सुकते. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवावे, खांबांना ओली पोती गुंडाळावी. येथील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी खारे असते. ते कॉंक्रीटला वापरू नये, सळई गंजते. तपासून घेतलेले किंवा पालिकेने ठरविलेले पाणीच मागवावे. भूजल उपशाचेही नियम आहेत, ते वेगळेच.

कामाचा मुहूर्त कोणता? पंचांगाइतकीच हवेची तारीख पाहावी, असे सांगावे लागते. ऑक्टोबरपासून राजधानी क्षेत्रातील हवा बिघडू लागते आणि प्रदूषण ठराविक पातळीवर गेले की श्रेणीबद्ध कृतियोजनेखाली बांधकामे थांबविली जातात. ही योजना 2017 पासून लागू आहे. अशा वेळी पाया उघडा राहिला किंवा सळया बांधून पावसात-धुक्यात पडून राहिल्या तर दुहेरी नुकसान. फेब्रुवारीच्या अखेरीस पाया धरावा, पावसाळ्यापूर्वी स्लॅब उरकावा, आणि दिवाळीच्या सुमारास फक्त आतली नळ-विजेची कामे उरावी, असा क्रम जमला तर उत्तम.

आणखी एक बाब. कामावर येणाऱ्या बेलदार स्त्रीचे तान्हे मूल विटांच्या ढिगाशेजारी झोपविलेले आपण पाहतो. 1969 मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ चाललेल्या एका बांधकामावर मीरा महादेवन यांना असेच दृश्य दिसले आणि त्यांनी तंबूत पाळणाघर काढले. तीच संस्था पुढे मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली. एका घराच्या कामावर पाळणाघर काढणे शक्य नाही, परंतु सावलीचा एक कोपरा, पिण्याचे स्वच्छ पाणी, आणि स्त्रियांसाठी शौचालयाची सोय हे मालकालाच करता येते. करारात ते नसते. मजुरीही दर आठवड्यास त्यांच्या हाती पोहोचली की नाही, हे मुकादमाला नव्हे, त्यांनाच विचारावे.

राहत्या घरात काम काढले असेल तर एक खोली व स्वयंपाकघर धुळीपासून राखून ठेवावे, जिन्यावर पहिल्या दिवसापासून कठडा बांधून घ्यावा, आणि लहान मुलांना पाण्याच्या उघड्या हौदाजवळ जाऊ देऊ नये. शेजाऱ्याच्या भिंतीवर आधीपासून ज्या भेगा असतील, त्यांची छायाचित्रे त्याच्यासमक्ष काढून एक प्रत त्याला द्यावी. तसेच प्लॅस्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, आत पुरलेल्या नळांचे व विजेच्या नळ्यांचे छायाचित्र टेप लावून काढावे आणि पूर्णत्वाच्या दाखल्याच्या फाइलीत ठेवावे. पुढे खिळा ठोकावयाची वेळ येईल तेव्हा घरातील सर्वांना ती फाइल कोठे आहे हे माहीत असावे.